तो सुरुंग नव्हता

पावसाळा सरत आला होता. दुपारी एक वाजून गेल्यावर पेठ तालुक्यातून पहिला फोन आला आणि प्रश्न सरळ होता : "साहेब, खाणीत सुरुंग उडवला की भूकंप झाला? लोक रस्त्यावर आलेत." दगडखाणीत सुरुंग उडवायची वेळ साधारण हीच. वर लोकांना हादऱ्याआधी 'धडाम' असा आवाज ऐकू आला होता, त्यामुळे गावात बहुतेकांनी खाणवाल्यालाच धरलं होतं. खाणवाला म्हणत होता, आज काम बंद आहे.

उत्तर नाशिकच्या आमच्या भूकंपमापन केंद्राच्या नोंदीत होतं. भूकंपमापक तीन दिशांची हालचाल वेगवेगळी टिपतो : उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. सुरुंग उडतो तेव्हा खडक चहूबाजूंना बाहेर ढकलला जातो, म्हणून कुठल्याही केंद्रावर पहिला धक्का वरच्या दिशेनेच येतो. इथे उभ्या रेषेचा पहिला झटका खाली गेला होता. दुसरी खूण दुय्यम लहरींची, म्हणजे आधी येणाऱ्या प्राथमिक लहरींच्या मागून पोचणाऱ्या, खडक आडवा हलवणाऱ्या लहरींची. सुरुंगात त्या क्षीण असतात. इथे आडव्या दोन्ही रेषांवर त्या प्राथमिक लहरींच्या चौपट उंच होत्या. असं होतं ते खडक फाटीवर, म्हणजे जमिनीखालच्या तुटलेल्या भेगेवर, घसरला तरच. एका केंद्रावरच्या पहिल्या झटक्यावर कधी विसंबू नये, कारण हलका झटका वाऱ्याच्या आणि रहदारीच्या थरथरीत बुडून जातो. दुसऱ्या केंद्रावर झटका वर होता. काही ठिकाणी वर, काही ठिकाणी खाली, म्हणजे भूकंपच. खाणवाला खरं बोलत होता, आणि ते तहसीलला लगेच कळवणं गरजेचं होतं, कारण तोवर खाणीवर माणसं जमायला लागली होती.

आता कुठे? प्राथमिक लहर आपल्याकडच्या खडकात सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुय्यम साडेतीनच्या आसपास. दोन्ही पोचण्यातल्या सेकंदांना आठाने गुणलं की अंतर मिळतं. नाशिकला फरक 5.2 सेकंदांचा होता, म्हणजे साधारण 42 किलोमीटर. बाकीच्या दोन केंद्रांवरून 33 आणि 56 आले. नकाशावर तीन वर्तुळं काढली की ती पुस्तकातल्यासारखी एका बिंदूत भेटत नाहीत. मध्ये एक वेडावाकडा त्रिकोण उरतो. आमचा त्रिकोण तीन-चार किलोमीटरचा होता, पेठ आणि हरसूलच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात.

त्यातल्या एका केंद्राचं घड्याळ चुकत होतं. जीपीएसच्या अँटेनावर पावसाळ्यात वेल चढला होता आणि उपग्रहाशी संपर्क तुटला होता. घड्याळ एक सेकंद सरकलं तर भूकंपाची जागा सहा-सात किलोमीटर सरकू शकते. मात्र दोन लहरींमधला फरक एकाच घड्याळावर मोजला जातो, तो बिघडत नाही. म्हणून त्या केंद्राची वेळ सोडून दिली आणि फक्त फरक वापरला.

प्रतवारी (मॅग्निट्यूड, म्हणजे धक्क्याच्या आकाराचा आकडा) 2.9 निघाली. दुसऱ्या एका यंत्रणेने 3.2 दिली आणि संध्याकाळपर्यंत पत्रकारांचे फोन सुरू झाले, खरा आकडा कोणता? दोन्ही खरे. केंद्रं वेगळी, सूत्रं वेगळी. इतक्या लहान धक्क्यात 0.2-0.3 चा फरक राहतोच. त्या आकड्यावर वाद घालण्यापेक्षा मोजणीची उतरंड लक्षात ठेवावी : प्रतवारी एकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाची प्रतवारी 6.3 धरली, तर त्याची ऊर्जा या धक्क्याच्या साधारण सव्वा लाख पट भरते.

मला जास्त खटकत होता तो खोलीचा आकडा. बातम्यांत 'दहा किलोमीटर खोलीवर' असं वारंवार वाचायला मिळतं. पुष्कळदा तो मोजलेला नसतो. जवळ मापन केंद्र नसेल तर खोली ठरत नाही, मग संगणकाला एक ठरावीक आकडा देऊन बाकीचं गणित सोडवून घेतात. आमच्याही पहिल्या उत्तरात दहाच होते. पण लोकांनी ऐकलेला मोठा आवाज आणि जेमतेम दहा-बारा किलोमीटरच्या टापूत जाणवलेला हादरा खोल धक्क्याशी जुळत नव्हते. भूकंपाची जागा उथळ असली तर जलद कंपनं वाटेत विरत नाहीत. जमिनीतून थेट हवेत शिरतात आणि स्फोटासारखी ऐकू येतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी पाड्यांवर गेलो. विचारपूस करायची एक शिस्त आहे. 'भांडी वाजली का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. आधी फक्त 'काय झालं?' विचारायचं आणि माणसाला बोलू द्यायचं. मग : कुठे होतात, बसलेले की चालत, घर कशाचं, आवाज आधी की हलणं आधी. चुलीपाशी बसलेल्या एका आजीने मडक्यांची उतरंड दाखवली. वरचं मडकं खालच्यावर खडखडलं होतं, पडलं नव्हतं. कुडाच्या भिंतीला काहीच झालं नव्हतं. शेजारच्या नव्या सिमेंट ब्लॉकच्या घरात मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, केसाएवढी भेग गेली होती. हादरा जागोजागी किती जाणवला याच्या बारा पायऱ्यांना तीव्रता म्हणतात; उतरंड खडखडणं म्हणजे तीव्रता चौथ्या पायरीची, जेमतेम पाचव्याकडे झुकलेली.

आजी पुढे म्हणाल्या, "दादा, हे काल नाही, परवा रात्रीच सुरू झालं. कोंबडं आरवायच्या आधी एकदा घुमलं." आमच्या यादीत परवाच्या रात्री काहीच नव्हतं. यंत्रणा किमान तीन केंद्रांवर एकाच सुमारास थरथर दिसली तरच ती घटना धरते. परत येऊन त्या पहाटेची नोंद हाताने चाळली. सव्वाचारला एका केंद्रावर बारीकशी, पण स्वच्छ नोंद होती, दोन लहरींमधला फरक कालच्याइतकाच, प्रतवारी दीडच्या आतली. त्यांच्या कानाने जे टिपलं ते आमच्या यादीतून गळलं होतं. अशा नोंदी फार मोलाच्या, कारण एखाद्या पट्ट्याचा स्वभाव लहान धक्क्यांवरूनच कळतो : प्रतवारी एकाने उतरली की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते.

मग पाड्याजवळ तात्पुरतं यंत्र बसवलं. मातीवर नाही, उघड्या कातळावर. शाळेच्या पंपापासून, गिरणीपासून आणि मोठ्या झाडांपासून दूर, कारण वाऱ्याने झाड हललं की मुळं जमीन हलवतात. कातळ घासून सिमेंटचा पातळ थर, त्यावर बुडबुडा मध्यावर आणून संवेदक, वरून थर्माकोल आणि उपडी बादली. उत्तर दिशा होकायंत्राने धरायची नाही. आपला काळा पाषाण (बेसाल्ट) स्वतःच चुंबकीय असतो आणि सुई फिरवतो. सावलीवरून किंवा जीपीएसच्या दोन बिंदूंवरून रेघ आखावी. 12 व्होल्टची बॅटरी, सौर पट्टी, आणि केबल उंदरांपासून वाचवायला पाइपात.

पुढच्या आठवड्यात त्याच जागचे काही बारीक धक्के मिळाले. लहरींमधला फरक 0.8 सेकंद, म्हणजे अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर. भूकंपाची जागा यंत्रापासून जितकी दूर, त्याहून खोल ती असूच शकत नाही. दहाचा आकडा खोडला.

साडेसहाच्या आत असलं तरी हे बहुधा काळ्या पाषाणातलं नाही. कोयनेत केलेल्या खोल छिद्रात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. आपल्या पायाखालच्या फाटी त्या जुन्या खडकात आहेत, वरच्या लाव्ह्याने झाकलेल्या, म्हणून नकाशावर दिसत नाहीत. लोक लगेच धरणाकडे बोट दाखवतात. कोयनेत तो संबंध सिद्ध आहे, 1983 मध्ये भातसा जलाशयाजवळही धक्के बसले. पण पेठच्या या पट्ट्यात तसा मोठा जलाशय नाही. शेजारच्या पालघरमध्ये डहाणू-तलासरीला नोव्हेंबर 2018 पासून असेच उथळ धक्के झुंडीने आले. तिथे मुरणाऱ्या पावसाचा भार आणि फाटीतल्या पाण्याचा दाब यांचा विचार करावा लागतो, आणि इथेही तोच तपासायला हवा. त्यासाठी किमान दोन पावसाळ्यांच्या नोंदी हव्यात.

ग्रामपंचायतीत लोकांनी विचारलं, मोठा येणार का? तारीख सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. आय.एस. 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नाशिक भूकंपधोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे. घरं त्या हिशोबाने बांधायची. किल्लारी 1993 च्या भूकंपाआधी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती, आणि तिथे माणसं मेली ती जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली. कुडाच्या घराची फार काळजी नाही. ब्लॉकच्या घरात दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी तुकड्या-तुकड्यांत न ठेवता चारही भिंतींवरून अखंड फिरवा, कोपऱ्यांत उभी सळई घाला. दगडी भिंतीत दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत चार फुटांच्या आत हवा. भेग पडलेल्या त्या घराला हीच पट्टी नव्हती. खिडकीवर तेवढ्यापुरता एक तुकडा टाकलेला होता.

तहसीलला पाठवलेल्या टिपणात खोली 'साडेसहा किलोमीटरच्या आत' अशी लिहिली आणि पहाटेच्या धक्क्याची वेळ जोडली. पाड्यावरच्या शिक्षकांकडे एक वही ठेवली आहे : वेळ, आवाज, काय हललं. यंत्राच्या नोंदी उतरवायला जाताना ती वहीही आणतो.