आमची वाटचाल : मुंबईचं पाणी वडाळ्यातच काढायचं

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ आमचं काम रेडिएटर धुण्यापासून सुरू झालं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे काश्मीरहून वाशीच्या बाजारात सफरचंद आणणाऱ्या गाड्या. मुंबईत वर्षभर रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घातलं तरी गंजापलीकडे काही दिसत नाही. काश्मीरच्या हिवाळी रात्रीत तेच पाणी गोठून नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो.

म्हणून गाडी आली की आधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी) किती थंडीत गोठेल ते दाखवणारं उपकरण. निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव), निम्मं पाणी असेल तर कूलंट उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं, त्यामुळे ‘जरा जास्तच घाला’ हा आग्रह आम्ही मानत नाही. खरी चूक फ्लश करताना, म्हणजे जुनं पाणी काढून सिस्टीम धुताना होते. खालचा नळ सोडला तरी ब्लॉकमध्ये आणि केबिनच्या हीटरमध्ये पाणी राहतं. ४० लिटरच्या सिस्टीममध्ये असं ८ लिटर उरलं आणि वर तयार मिश्रण ओतलं, तर ग्लायकॉल ४० टक्क्यांवर येतं आणि गोठण्याची हद्द उणे २४ वर. म्हणून ब्लॉकचा प्लग उघडायचा, हीटर पूर्ण चालू ठेवायचा, आधी २० लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं ग्लायकॉल) आणि मग डीमिनरलाइज्ड पाणी भरायचं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवून पुन्हा मोजायचं.

पुढे एअर ब्रेकचं काम आलं, आणि आता निम्मा वेळ त्यातच जातो. कॉम्प्रेसर हवेबरोबर मुंबईचा दमटपणाही ओढतो. ही ओल शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज एका पावसाळ्यातच थकलेलं असतं, म्हणून वर, काश्मीर-लडाखकडे जाणाऱ्या गाडीचं ते तारीख न बघता बदलतो. हवेच्या टाकीच्या ड्रेनमधून नुसतं पाणी आलं तर दोष कार्ट्रिजचा. दुधाळ चिखल आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, नवं कार्ट्रिजही फार टिकणार नाही. राहिलेलं पाणी आधी ड्रायरच्या पर्ज व्हॉल्व्हमध्ये (साचलेलं पाणी बाहेर फेकणारा व्हॉल्व्ह) गोठतं, मग प्रेशर चढत नाही आणि हँडब्रेक सुटत नाही. काही ड्रायव्हर लाइनमध्ये स्पिरिट ओततात. त्याने बर्फ सुटतो, पण व्हॉल्व्हचे रबर कडक होतात आणि महिनाभराने हवा गळायला लागते. खाली जाळ करणं तर त्याहून वाईट, एअर लाइन नायलॉनच्या असतात.

बॅटरीतही पाण्याचाच खेळ. पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड (ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.२६५ च्या पुढे) उणे ५० ला गोठत नाही. उतरलेलीतलं, म्हणजे १.१०० चं, उणे ७ लाच गोठतं. चोवीस व्होल्टच्या जोडीतली एकच बदलू नका, जुनी नवीला ओढून खाली आणते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं आणि युरियाच्या, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायच्या द्रवाच्या, तक्रारी वाढल्या. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी पाणी, उणे ११ ला गोठणारं. टाकीतला गोठलेला युरिया कूलंटच्या उष्णतेने वितळतो, तेवढी सोय कंपनीने केलेली असते. पण चावी काढल्यावर पंप मिनिट-दोन मिनिटं लाइन रिकामी करतो, आणि आपले लोक बॅटरीचा कटऑफ लगेच खाली खेचतात. युरिया लाइनमध्येच राहतो. थोडं थांबा, एवढंच सांगणं आहे. टाकीही काठोकाठ भरू नका.

डिझेलमध्ये पाण्याइतकाच त्रास थंडीत गोठणाऱ्या मेणाचा. भारतीय मानकात फिल्टर चोंदण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ आणि हिवाळी डिझेलला ६ अंश आहे, म्हणजे बर्फासाठी तीही पुरेशी नाही. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल २०१९ मध्ये आलं. टाकीत मुंबईचं डिझेल कमी उरलेलं असताना तिकडचं थंडीतलं डिझेल भरावं. रॉकेल मिसळू नये, कॉमन रेल इंजेक्टरला (जास्त दाबाने डिझेल फवारणारा भाग) वंगण मिळत नाही.

टायरमध्ये दर दहा अंशांना साधारण ४ पीएसआय उतरतात. इथे जास्त भरून पाठवू नका, जम्मूला थंड टायरवर मोजा. बर्फावरची साखळी ड्राइव्ह चाकाला (इंजिन फिरवतं त्या), किलोमीटरभर चालून पुन्हा ताणायची.

निघताना फिल्टरची एक जोडी आणि तयार कूलंटचा ५ लिटरचा कॅन देतो, म्हणजे धाब्यावरचं पाणी रेडिएटरमध्ये जात नाही. युरियाच्या कॅनशी गल्लत होऊ नये म्हणून कूलंटच्या कॅनचं झाकण लाल रंगवलेलं असतं.