फॉर्म ४ मधली ‘विक्री’ नेमकी किती?

संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि मोठे भागधारक स्वतःच्याच कंपनीचे शेअर केव्हा घेतात आणि केव्हा विकतात, हे अनेक कंपन्यांच्या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून पाहता यावे, यासाठी गेले काही महिने मी एक लहानसे सॉफ्टवेअर लिहीत आहे. त्याचा मुख्य आधार अमेरिकेतील फॉर्म ४ आहे. १९३४ च्या रोखे विनिमय कायद्याच्या कलम १६ नुसार कंपनीचे संचालक, अधिकारी आणि दहा टक्क्यांहून अधिक वाटा असलेले भागधारक यांना आपले व्यवहार या फॉर्मवर जाहीर करावे लागतात. पूर्वी त्यासाठी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मुदत असे. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ती कामकाजाच्या दोन दिवसांवर आणली. २००३ पासून हे फॉर्म इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच भरावे लागतात आणि एडगर या सार्वजनिक संग्रहातून ते कोणालाही विनामूल्य मिळतात. माहिती इतकी व्यवस्थित रकान्यांत बसवलेली असते की सरळ बेरीज करावीशी वाटते. माझ्या पहिल्या आवृत्तीने तेच केले आणि ते चुकले.

समजा, एका अधिकाऱ्याच्या फॉर्मवर एकाच तारखेच्या दोन ओळी आहेत. पहिलीत ‘एम’ या संकेताखाली (संकेत म्हणजे व्यवहाराचा प्रकार सांगणारे अक्षर) १०,००० शेअर त्याच्याकडे आले आहेत, तर दुसरीत ‘एफ’ या संकेताखाली ४,००० शेअर गेले आहेत. माझ्या तक्त्यात हे १०,००० ची खरेदी आणि ४,००० ची विक्री असे उमटत होते. प्रत्यक्षात घडलेले असते ते एवढेच, की कंपनीने मोबदल्याचा भाग म्हणून पूर्वी कबूल केलेले शेअर त्याच्या नावे झाले आणि त्यांवरील करापोटी कंपनीनेच काही शेअर स्वतःकडे ठेवून घेतले. त्या दिवशी त्याने बाजारात एकही शेअर घेतला नाही, विकलाही नाही. स्वतःच्या निर्णयाने केलेली खरेदी ‘पी’ या संकेतात आणि विक्री ‘एस’ या संकेतात शोधावी लागते; भेट म्हणून दिलेल्या शेअरसाठी ‘जी’ हा आणखी वेगळा संकेत आहे. म्हणून आता या सर्व नोंदी मी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवतो आणि त्यांची एकत्र बेरीज कुठेही दाखवत नाही.

दुसरी अडचण दुहेरी मोजणीची आहे. एखाद्या गुंतवणूक निधीकडे असलेले शेअर तो निधी, त्याचे व्यवस्थापन करणारी संस्था आणि तिचा प्रमुख असे तिघेही आपल्या नावावर दाखवू शकतात, कारण लाभ किंवा नियंत्रण तिघांकडेही पोहोचते. मालकी थेट की अप्रत्यक्ष, हा रकाना आणि तळटीप वाचल्याशिवाय हा एकच व्यवहार आहे हे कळत नाही. किमतीचेही तसेच: दिवसभरात अनेक सौद्यांत झालेली विक्री एका ओळीत भारित सरासरी (प्रत्येक सौद्यातील शेअरसंख्या धरून काढलेल्या) किमतीने दाखवलेली असते आणि खरी किमान व कमाल किंमत तळटिपेत असते. या तळटिपा आधी मी बाजूला टाकत होतो, ही माझी सर्वांत मोठी चूक होती असे मला वाटते.

तुलनेसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो व्यवहारानंतर शिल्लक राहिलेल्या शेअरचा रकाना. २०,००० शेअर विकणाऱ्या दोघांपैकी एकाकडे २० लाख उरले असतील आणि दुसऱ्याकडे अवघे ५,०००, तर त्या दोन विक्रींना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

त्यातही विक्री आधीच ठरलेली होती का, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील नियम १०बी५-१ खालील पूर्वनियोजित योजनेनुसार सौदा झाला असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून फॉर्मवरच त्यासाठी खूण करायची चौकट आहे. त्याआधीच्या फॉर्मसाठी पुन्हा तळटिपांकडेच जावे लागते. आणि तिथेही उल्लेख नसेल, तर माझे सॉफ्टवेअर ‘योजनेबाहेर’ असे न म्हणता ‘माहिती नाही’ असे लिहिते.

सध्या मी भारतीय प्रकटीकरणे याच चौकटीत बसवण्याचा प्रयत्न करीत आहे. कंपनीच्या आतल्या व्यक्तींच्या व्यवहारांबाबतच्या सेबीच्या २०१५ च्या विनियमांत शेअर गहाण ठेवणे हादेखील व्यवहारच मानला जातो, त्यामुळे प्रवर्तकांच्या गहाणांसाठी स्वतंत्र रकाना करावा लागला. ती गहाणे विक्रीच्या रकान्यात गेली असती तर सगळे चित्रच बिघडले असते. शिवाय एका तिमाहीत एकूण उलाढाल १० लाख रुपयांहून अधिक झाली तरच प्रकटीकरण बंधनकारक होते. तेव्हा एखाद्या संचालकाच्या नावापुढे काहीच आढळले नाही, तर त्याने व्यवहार केलाच नाही असे ठरत नाही. त्या जागी आधी शून्य छापले जात होते. आता तिथे ‘नोंद नाही’ असे दिसते.