योइक ऐकण्याचा सराव : या हिवाळ्यापर्यंतची नोंद

उत्तर युरोपातील सामी या मूलनिवासी लोकांचा योइक हा पारंपरिक गायनप्रकार ऐकून कागदावर उतरवण्याच्या सरावात या हिवाळ्यात एक टप्पा पार पडला. उत्तर सामी योइकाचे आवर्तन आता तानपुऱ्याचा आधार न घेता मला धरता येते. हे सहज घडले नाही, कारण साथसंगतीशिवाय गायलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत गाणाऱ्याचा स्वर हळूहळू वर सरकत जातो आणि काही आवर्तनांतच आपण धरलेला षड्ज निरुपयोगी होतो. म्हणून स्थिर षड्ज सोडून प्रत्येक स्वर मागच्या स्वरापासून किती अंतरावर आहे एवढेच मी लिहितो. या पद्धतीने योइकाचा मूळ बांधा बराच स्पष्ट दिसू लागला: पाच स्वर, मोठमोठ्या उड्या, दोन किंवा चार छोट्या तुकड्यांचे आवर्तन आणि ‘लो’, ‘ला’, ‘गो’, ‘नु’ यांसारखी अक्षरे, ज्यांच्या मधूनच एखादा अर्थपूर्ण शब्द येऊन जातो.

श्वासाची जागा मात्र अजूनही कठीण जाते. आपल्या कानाला ओळ संपल्यावर श्वास घेण्याची आणि समेवर येऊन विसावण्याची सवय असते. योइक गाणारा ओळीच्या मध्येच, कधी शब्द तोडून, श्वास घेतो आणि थांबतानाही आवर्तन पूर्ण करण्याची वाट न पाहता एकदम थांबतो. काही ध्वनिमुद्रणे निम्म्या गतीने वारंवार ऐकल्यावर मला याची संगती लागली. योइकाला सुरुवात आणि शेवट नसतो, गाणारा त्यात काही काळ शिरतो आणि बाहेर पडतो, अशी सामी गायकांची धारणा आहे. ती मान्य केली की तुटलेली ओळ अपुरी वाटत नाही.

या घडणीमागचा अर्थ मला सर्वांत मोलाचा वाटतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प एवढ्या प्रदेशात पसरलेल्या या समाजात योइक माणसाचा असतो, तसाच लांडग्याचा, रेनडियरचा किंवा डोंगराचाही असतो, आणि तो त्यांचे वर्णन करण्यासाठी गायला जात नाही. ज्याचा योइक गायला जातो तो त्या वेळी तेथे उपस्थित होतो. माणसाचा योइक सहसा दुसरे कोणीतरी रचते, पण रचल्यावर तो रचणाऱ्याचा राहत नाही, ज्याचा आहे त्याचा होतो. लहानपणी मिळालेला योइक वयाबरोबर बदलू शकतो, दूर गेलेल्याचा योइक गाऊन त्याला जवळ आणता येते आणि मृत व्यक्तीही अशीच घरच्यांच्या सहवासात राहते. आंदे सोम्बी यांचा लांडग्याचा योइक ज्यांनी ऐकला असेल त्यांना हे पटवून देण्याची गरज नाही, कारण गुरगुरीपासून केकाटण्यापर्यंत चढत जाणाऱ्या त्या आवाजात गायक आणि प्राणी वेगळे काढता येत नाहीत.

ही उपस्थितीची कल्पना जुन्या धर्माशी जोडलेली होती. नोआइदी, म्हणजे देहभान हरपून आत्म्यांच्या जगात जाणारा मध्यस्थ, रेनडियरच्या शिंगाच्या हातोडीने चित्रांकित ढोल वाजवी आणि त्या प्रवासात योइकाची साथ असे. म्हणूनच मिशनऱ्यांनी ढोलाबरोबर योइकालाही सैतानी ठरवले. 1692 मध्ये नॉर्वेतील वाडसो येथे आन्देर्स पोल्सेन या वृद्ध सामी माणसावर जादूटोण्याचा खटला चालला, आणि निकाल लागण्यापूर्वीच कोठडीत त्याची हत्या झाली. त्याचा जप्त केलेला ढोल डेन्मार्कच्या राजसंग्रहात गेला. नॉर्वेतील कारास्योकच्या सामी संग्रहालयाकडे तो अनेक वर्षे केवळ उसना होता आणि त्याची मालकी 2022 मध्ये सामी लोकांना परत मिळाली. एकोणिसाव्या शतकात लेस्टाडियस या लूथरपंथी धर्मोपदेशकाच्या धार्मिक चळवळीनेही योइक पाप मानला, आणि तिच्या प्रभावाखालच्या काही घरांत तो आजही गायला जात नाही. आपल्यासारख्या बाहेरच्या रसिकांनी हे मौन लक्षात ठेवूनच ध्वनिमुद्रणे ऐकावीत असे मला वाटते.

पुनरुज्जीवनाचे श्रेय प्रामुख्याने सामी कवी-गायक नील्स-आस्लाक वाल्केआपा यांना द्यावे लागते. 1968 मध्ये त्यांनी योइकाला गिटारची जोड देऊन पहिली ध्वनिमुद्रिका काढली, आणि घरात किंवा रानात गायला जाणारा योइक रंगमंचावर आला. 1979 ते 1981 या काळात नॉर्वेतील आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध झालेल्या आंदोलनामुळे सामी अस्मितेला राजकीय बळ मिळाले, आणि 1994 मध्ये लिलेहामर येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात वाल्केआपांचा योइक जगाने ऐकला. सामी गायक वीम्मे सारी यांची हकिगत मला अधिक हृद्य वाटते: फिनलंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करताना तेथील संग्रहात त्यांना आपल्याच नात्यातील वडीलधाऱ्याचे योइक सापडले, आणि त्यांतून ते शिकत गेले. नॉर्वेतील काउटोकेइनो येथे ईस्टरच्या दिवसांत होणाऱ्या सामी ग्रां प्री या संगीतस्पर्धेत 1990 पासून योइकाची स्वतंत्र स्पर्धा होते, आणि तिच्यातील साथीशिवायचे गायन सरावासाठी उत्तम आहे.

या सगळ्याचा माझ्या सरावावर झालेला परिणाम असा की कोणाचाही वैयक्तिक योइक मी आता गळ्यातून गात नाही. तो कागदावर उतरवतो, त्याची आवर्तने मोजतो, श्वासाच्या जागा खुणावतो आणि तेथेच थांबतो, कारण ज्याचा योइक आहे त्याला न ओळखता त्याला बोलावणे मला योग्य वाटत नाही. गळ्याचा सराव करायचाच असेल तर एकट्या अक्षरांवर स्वरांच्या उड्या घ्याव्यात. उत्तर सामी शैलीतील पंचमाची झेप आणि कंठात अडवून सोडलेला स्वर यांसाठी तेवढे पुरते. पुढचे काम दक्षिण सामी शैलीचे आहे. तेथे स्वरांचा पल्ला अगदी अरुंद असतो आणि आवाज स्वरावरून स्वरावर घसरत जातो. त्यासाठी कार्ल टिरेन या स्वीडिश रेल्वे अधिकाऱ्याने 1913 ते 1915 दरम्यान मेणाच्या नळ्यांवर केलेली मुद्रणे ऐकायला घेणार आहे. खरखरीतून तेथील घसरता स्वर ओळखता आला तर त्याची स्वरलिपी पुढच्या नोंदीत देईन.