सहा शर्यतींचा आकडा

रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून थोरल्या भावाचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, कितवा आलास?" इंग्लंडमध्ये ओरिएंटिअरिंग करू लागल्याला मला नऊ वर्षे झाली, तरी दादाला याचे उत्तर मला एका शब्दात देता येत नाही. या खेळात क्रमांकापेक्षा गुण अधिक बोलतात, आणि गुण कसे ठरतात हे कळल्याशिवाय क्रमांकाचाही अर्थ लागत नाही. म्हणून दादासाठी आणि या खेळाकडे वळू पाहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ते आज सविस्तर लिहितो.

हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, रानात मांडून ठेवलेली ठिकाणे दिलेल्या क्रमाने आणि वाट स्वतः शोधत कमीत कमी वेळात गाठायची, एवढाच हा खेळ आहे. त्या ठिकाणाला कंट्रोल म्हणतात. तेथे केशरी-पांढरा कापडी झेंडा आणि एक सांकेतिक क्रमांक असतो; बोटाला अडकवलेली इलेक्ट्रॉनिक काडी, जिला इथे डिबर म्हणतात, तिथल्या यंत्रात घातली की आपली हजेरी लागते.

ब्रिटनमध्ये स्पर्धांचे ए, बी, सी आणि डी असे चार स्तर आहेत. डी म्हणजे क्लबची स्थानिक स्पर्धा, सी प्रादेशिक, बी राष्ट्रीय आणि ए सर्वांत वरची. ईस्टरच्या सुट्टीतला 'जेके' महोत्सव ए स्तरात मोडतो. १९६७ साली अपघातात गेलेल्या यान शेलस्ट्रॉम या स्वीडिश तरुणाच्या स्मरणार्थ तो भरतो. ब्रिटनमध्ये हा खेळ रुजवायला त्याने मोठा हातभार लावला होता. स्तर चढत जाईल तसा बक्षिसांपेक्षा तपासणीचा काटेकोरपणा वाढतो. मार्ग आखणारा एक आणि त्याची आखणी रानात फिरून पडताळणारा कंट्रोलर दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था असते. मोठ्या स्पर्धेचे रान स्पर्धकांना आधीपासून बंद केले जाते, म्हणजे कोणी पायाखालची वाट घेऊन उतरू नये. माझ्या मते या खेळातला सर्वांत सुंदर नियम हाच आहे.

आता गुण. माझ्या वेळेवरून थेट गुण काढले, तर बीच वृक्षांच्या सपाट वनातली ६० मिनिटे आणि लेक डिस्ट्रिक्टच्या खडकाळ डोंगरावरची ६० मिनिटे सारखीच मोजली जातील, आणि ते उघड चुकीचे ठरेल. म्हणून त्या दिवशी त्याच मार्गावर धावलेल्या, आधीपासून गुण असलेल्या धावपटूंची मोजपट्टी लावतात. त्यांच्या गुणांची सरासरी व प्रमाण विचलन (म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पांगले आहेत त्याचे माप) एकीकडे, त्यांच्या वेळांची सरासरी व प्रमाण विचलन दुसरीकडे, आणि या दोहोंच्या मधे आपण कुठे बसतो ते पाहायचे. समजा, त्यांचे सरासरी गुण १०५० आणि विचलन १५० आहे. सरासरी वेळ ७० मिनिटे आणि विचलन १५ मिनिटे आहे. मी ६० मिनिटांत आलो, तर सरासरीपेक्षा १० मिनिटे पुढे. प्रत्येक मिनिटाला १० गुण, म्हणजे माझे ११५० झाले. धुके पडून सगळ्यांच्या वेळा पांगल्या आणि विचलन २० मिनिटांवर गेले, तर तेच मिनिट साडेसात गुणांचे होते. संपूर्ण यादीची सरासरी १००० च्या आसपास राहील अशी या पद्धतीची बांधणी आहे, आणि मागच्या १२ महिन्यांतल्या सर्वोत्तम सहा शर्यतींची बेरीज हे आपले मानांकन. त्यामुळे दुबळ्या स्पर्धकांत पहिला येऊन हाती फारसे लागत नाही, आणि तगड्या स्पर्धकांत चाळिसावा आलेलाही खूप कमावून जातो. थोडेच मानांकित धावपटू असलेल्या मार्गावर मात्र एखादा वाट चुकला तरी सरासरी हलते, ही उणीव मला खुपते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये एका उतारावर, कमरेएवढ्या तांबूस नेच्यातून धावत मी अकराव्या कंट्रोलवर पोहोचलो. कंट्रोलांची यादी असलेल्या वर्णनपत्रिकेवर त्याचा क्रमांक १४३ होता. समोर खडकाच्या पश्चिमेला झेंडा दिसला, डिबर घातला, यंत्राने टीक-टीक केले आणि मी निघालो. क्रमांक वाचलाच नव्हता. तो १३४ होता. माझा खडक उताराच्या खाली होता. पुढचे सगळे कंट्रोल बरोबर लागले, पण शेवटी यंत्रातून निकालाची चिठ्ठी बाहेर आली तेव्हा त्या ओळीवर खूण होती. चुकीचा कंट्रोल म्हणजे पूर्ण शर्यत बाद, गुण एकही नाही. त्या दिवशी मनाला फार लागले. तरीही मी नियमाच्या बाजूने आहे, कारण ही सारी मोजणी 'सगळे त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने गेले' या एका गृहीतावर उभी आहे, आणि ते सैल केले तर माझ्या शेजारच्याचे ११५० सुद्धा खोटे ठरतील.

बाद झालो तरी निकालकक्षात हजेरी लावावीच लागते. न लावल्यास रानात शोधपथक निघते. मीही लावली. आता माझ्या सहापैकी एक चांगली शर्यत, ११८२ गुणांची, पुढच्या महिन्यात वर्षाची होऊन यादीतून गळेल, आणि तिची जागा भरायला सी स्तराच्या दोनच स्पर्धा उरल्या आहेत. दादा, रविवारी "कितवा" ऐवजी "किती" विचार.