नाना विडी ओढत नव्हते, मग कॅन्सर कसा झाला?

अमळनेरच्या बाजारपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. माझे वडील, नाना, 2016 साली गेले, पण एक प्रश्न अजूनही महिन्यातून एकदा तरी काउंटरवर येतो. लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही तेच विचारतात. "ताई, नाना तर माळकरी माणूस. विडीला शिवले नाहीत, तंबाखू नाही, मशेरी नाही. मग त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कसा झाला?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो मला टोचतो : चोरून ओढत होते की काय? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

नानांना फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हताच. त्यांना झाला होता मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. उशी आणि तिचा अभ्रा डोळ्यांसमोर आणा. आत कापूस, वर कापड. फुफ्फुसाभोवतीचं हे कापड दुपदरी असतं. एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला आतून, आणि दोन्हींच्या मध्ये ओल राहील एवढंच पाणी. त्यामुळे श्वास घेताना फुफ्फुस सहज सरकतं. फुफ्फुसाचा कॅन्सर कापसात होतो, म्हणजे श्वासनलिकांच्या किंवा वायुकोशांच्या पेशींत. तिथे बहुतेक वेळा एक गाठ धरते, वाढते आणि पुढे मेंदूत, हाडांत, यकृतात जाते. मेसोथेलिओमा कापडात होतो. गाठ धरण्याऐवजी तो पसरत जातो, आवरण जाड आणि कडक होत जातं, मधल्या जागेत पाणी साठतं आणि आतलं चांगलं फुफ्फुस आवळलं जातं. पोटाच्या आतल्या आवरणातही तो होऊ शकतो, पण छातीत जास्त.

नानांचं असंच झालं. 2015 च्या वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत रथामागे चालताना ते बोरीच्या पात्रात मध्येच बसले. "दम लागस माय," एवढंच म्हणाले. खोकला फारसा नव्हता, थुंकीत रक्त नव्हतं. उजव्या कुशीत एक बोथट दुखणं होतं, तेही आम्हीच खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. एक्स-रे काढला तर छातीत पाणी. पाठीतून सुई घालून दीड लिटर काढलं, लालसर होतं. आपल्या भागात छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा येतो आणि तो वाजवी असतो, कारण पुष्कळांना खरोखरच टीबी असतो. गोळ्या सुरू झाल्या. माझ्याच दुकानातून मी त्या मोजून दिल्या. दोन महिन्यांनी पाणी पुन्हा भरलं, काढलं, पुन्हा भरलं. पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नव्हत्या म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मेसोथेलिओमात त्या पाण्यात अनेकदा दिसतच नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझं शिक्षण औषधांचं आहे, तरी माहीत नव्हतं.

शेवटी मुंबईला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि नानांना विचारलं, "आजोबा, तिशीत असताना काय काम करत होता?"

तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. "शेतकरी" असं प्रत्येक केसपेपरवर लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण 1972 च्या दुष्काळात आमच्या विहिरीने तळ गाठला. पुढच्याच वर्षी नाना भुसावळ-सुरत लाइनच्या पॅसेंजरमध्ये बसले, जसे खानदेशातले हजारो बसले. सुरतेकडे एका ठेकेदाराकडे त्यांना लॅगिंगचं काम मिळालं. वाफेचे पाइप आणि बॉयलर यांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांवर जे जाड वेष्टण चढवतात, ते लॅगिंग. पोत्यातली पांढरी पूड पाण्यात कालवायची, तिचा लगदा हातांनी लिंपायचा, वरून पट्टी गुंडाळायची. कारखाना दुरुस्तीला बंद असला की जुनं लॅगिंग कोरडंच ठोकून पाडायचं. तोंडाला फार तर रुमाल. बारा वर्षं नानांनी हे केलं आणि 1985 साली गावी परत आले.

लहानपणी ते आम्हाला कौतुकाने सांगायचे, "तिकडे न जळणारा कापूस असतो. काडी लावा, काही होत नाही." कापूस पिकवणाऱ्या घरातल्या माणसाला त्याचं अप्रूप वाटणारच. तो ॲस्बेस्टॉस होता. कापसासारखा पिंजता येतो, दोर वळता येतो, कापड विणता येतं, पण असतो खनिज दगड. त्याचे तंतू उभे चिरत चिरत इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे ते खोल जातात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी धूळ गिळून टाकतात, पण हे तंतू लांब आणि टोकदार असतात, पेशीच्या कवेत मावत नाहीत. पेशी मरते, तंतू तिथेच राहतो. काही तंतू आवरणापर्यंत पोचतात आणि तिथे वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस यात सगळ्यांत वाईट. पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल, शरीरातून तुलनेने लवकर झिजतो, पण कॅन्सर त्यानेही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळेच प्रकार पहिल्या, म्हणजे सिद्ध कारणांच्या, गटात ठेवले आहेत.

धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा 20 ते 50 वर्षं जातात. नानांची 42 वर्षं गेली. एवढ्या काळात माणूस ते काम विसरतो आणि ठेकेदाराची वहीसुद्धा नाहीशी होते.

आता विडीचं. मेसोथेलिओमाचा आणि धूम्रपानाचा संबंध नाही. ओढणाऱ्याला आणि न ओढणाऱ्याला, ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राहिलेल्या दोघांनाही धोका सारखाच. त्यामुळे नानांच्या बाबतीत "चोरून ओढत होते का" हा प्रश्नच लागू होत नाही. पण हे ऐकून कुणी निवांतपणे विडी पेटवणार असेल तर पुढचंही ऐकावं लागेल. ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाचा कॅन्सरही होतो, आणि तिथे मात्र विडी-सिगारेट आगीत तेल ओतते. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे 17,800 लॅगिंग कामगारांचा, म्हणजे नानांच्याच धंद्यातल्या माणसांचा, अभ्यास 1979 साली प्रसिद्ध झाला. धूळही नाही आणि धूरही नाही अशा माणसाचा फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका 1 धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसने तो सुमारे 5 पट होतो, नुसत्या सिगारेटने 11 पट आणि दोन्ही एकत्र आले की 50 पटींच्या वर जातो. ॲस्बेस्टॉसने आणखी एक आजार होतो, ॲस्बेस्टॉसिस. तो कॅन्सर नव्हे. फुफ्फुसात व्रण पडत जातात आणि दम कमी होत जातो. लोक हे तिन्ही आजार एकच समजतात.

"नाव काही का असेना, कॅन्सर तो कॅन्सर," असं एका काकांनी मला समजावलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आधी उपचाराचंच बघा. छातीतल्या आवरणात दुर्बीण घालून तुकडा काढावा लागला, त्यावर खास रंगचाचण्या झाल्या. कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-1 या प्रथिनांवर रंग धरला की कौल मेसोथेलिओमाकडे जातो, टीटीएफ-1 वर धरला की फुफ्फुसाच्या कॅन्सरकडे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही इतके सारखे दिसू शकतात की या चाचण्यांशिवाय ठरवता येत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पुढे जनुकांची तपासणी करतात. आपल्याकडे बऱ्याच रुग्णांत, विशेषतः न ओढणाऱ्यांत, ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो आणि त्यावर रोज घ्यायची गोळी आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई त्या गोळीवर चार वर्षं स्वयंपाक करत, नातू सांभाळत राहिल्या. मेसोथेलिओमाला अशी गोळी नाही. नानांना पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिनची केमो दिली, सोबत रोज फॉलिक ॲसिड आणि मध्येमध्ये बी-12 चं इंजेक्शन, म्हणजे केमोचा त्रास कमी होतो. फॉलिक ॲसिडची ती स्वस्तातली पट्टी मी त्यांच्या उशाशी ठेवत असे. ते गेल्यावर, 2020 पासून, प्रतिकारशक्तीला जागं करणारी दोन इंजेक्शनं एकत्र वापरायला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने काहींचं आयुष्य वाढतं, पण किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. नाना पहिल्या दम लागण्यापासून चौदा महिने जगले. या आजारात एवढंच आयुष्य अनेकांना मिळतं.

पण उपचारापेक्षाही माझ्या मनाला दुसरी गोष्ट लागते. मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर "फुफ्फुसाचा कॅन्सर" असं लिहिलं गेलं. तपासणीचा कागद सोबत असूनही. ते दोन शब्द लिहिले की नानांची बारा वर्षं पुसली जातात. वाचणारा त्यांच्या सवयी शोधतो, त्यांचं काम शोधत नाही. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर, जपायचा आदेश दिला. 40 वर्षं का, हे आता तुम्हाला कळलं असेल. मात्र जो ठेकेदाराच्या हजेरीवहीत फक्त "रामदास, जळगाववाला" होता, त्याची नोंद कोण जपणार? आम्ही त्या ठेकेदाराला शोधलं. माणूस वारला होता, मुलगा कापडाच्या धंद्यात. तो म्हणाला, असं काही आमच्याकडे नव्हतंच.

पुढे लोक विचारतात ते घरावरच्या पत्र्यांबद्दल. गोठ्यावर, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर, जुन्या शाळांवर जे राखाडी सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांतल्या पुष्कळ पत्र्यांत पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. पन्नासहून अधिक देशांनी तो बंद केला आहे, आपल्याकडे बाहेरून आणून अजून वापरला जातो. धड, न तुटलेला पत्रा डोक्यावर असला म्हणून रात्रीची झोप उडवू नका, कारण तंतू सिमेंटमध्ये पक्के धरलेले असतात. धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना. वादळी पावसात रावेर-यावलकडे केळी आडवी होते तसे हे पत्रेही उडतात, फुटतात, आणि मग आपण त्यांचे तुकडे अंगणात भराव म्हणून घालतो, वरून मुलं खेळतात. ते करू नका. फुटलेला पत्रा आधी पाण्याने भिजवा, आणखी न तोडता उचला, कोरडा झाडू मारू नका आणि कटर तर लावूच नका.

एक गोष्ट उरली, ती आईची. 1960 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण नोंदवले आणि निळ्या ॲस्बेस्टॉसशी त्याचं नातं पहिल्यांदा ठळकपणे मांडलं. त्यांतल्या कित्येकांनी खाणीत कधी काम केलं नव्हतं. कुणी खाणीजवळ वाढलेलं, कुणी गृहिणी. हे वाचलं तेव्हा मला सुरतेची ती खोली आठवली. नाना संध्याकाळी यायचे, आई त्यांचा शर्ट दारातच झटकायची, मग मोरीत धुवायची. मी दोन-तीन वर्षांची असेन, तिच्या पदराला धरून.

मागच्या वर्षी आईचा खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला. खोकला साधाच निघाला. पण दोन्ही बाजूंच्या आवरणावर पांढरे ठिपके होते, चुन्याने सारवल्यासारखे. डॉक्टरांनी समजावलं की याला प्लाक म्हणतात, हा कॅन्सर नाही, याचा कॅन्सर होत नाही, उपचार नको. कधी काळी ॲस्बेस्टॉस छातीत गेल्याची ही खूण आहे. दम लागला, कूस दुखली तर मात्र लगेच या आणि हा कागद सोबत आणा.

घरी आल्यावर आईने ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मी बोटाने ठिपके दाखवले.

"म्हणजे मी पण होते तिथे कामाला," ती म्हणाली.