आमची वाटचाल : वाइन, रीफर आणि धक्क्यावरचं ऊन

आम्ही वाइन बनवत नाही आणि विकतही नाही. वायनरीच्या तळघरातून उंची वाइनच्या पेट्या उचलायच्या आणि घेणाऱ्याच्या तळघरात गार पोहोचवायच्या, हे आमचं काम. त्याच्या जोडीला वाटेत त्या बाटल्यांना कुठे, किती आणि किती वेळ ऊब लागली याची नोंद आम्ही ठेवतो. सुरुवातीला हे नोंदीचं काम आमच्या डोक्यातही नव्हतं. आज बरेच ग्राहक त्यासाठीच येतात.

कंपनी मी आणि माझ्या मामेभावाने मिळून काढली. त्याआधी मी एका आयातदाराकडे कागदपत्रं सांभाळत असे: बिल ऑफ लेडिंग (जहाजात माल चढल्याची पावती), कस्टम्स, विम्याचे दावे. तो रीफर कंटेनरचा, म्हणजे आतला माल यंत्राने गार ठेवणाऱ्या कंटेनरचा, मेकॅनिक. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. माझ्याकडे दर उन्हाळ्यानंतर त्याच त्या तक्रारी यायच्या. बूच वर आलंय, कॅप्सूलखाली (बुचावरच्या आवरणाखाली) चिकट आहे, लेबलवर ओघळ आहे, वाइनला शिजल्यासारखा वास येतोय. जहाज कंपनी म्हणायची, आमचं यंत्र चोख चाललं. गोदामवाले म्हणायचे, आम्ही वेळेत माल सोडला. ट्रकवाल्याकडे सही-शिक्क्याची पावती असायची. सगळ्यांचे कागद बरोबर आणि वाइन मात्र गेलेली. एकदा माझ्या फाइली चाळता चाळता भाऊ म्हणाला, "ताई, रीफर एकदा जहाजावर प्लगला लागला ना, की समुद्रावर काही होत नाही गं. जे होतं ते धक्क्यावर."

या एका वाक्यातून आमचा धंदा उभा राहिला.

उष्णतेने बाटलीत काय होतं ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय आमच्या अटी लोकांना जाचक वाटतात. 750 मिलीच्या बाटलीत वाइन आणि बूच यांच्यामध्ये साधारण 15 मिमी जागा सोडलेली असते. गळ्याचा आतला व्यास 18.5 मिमीच्या आसपास धरला तर ही जागा भरते जेमतेम 4 मिली. द्रव तापला की फुगतो आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा जास्त फुगतं. 20 अंशांची वाइन 40 अंशांवर गेली तर तिचं आकारमान 5-6 मिलीने वाढतं. म्हणजे वरची जागा त्याआधीच संपलेली असते. मग दाब बुचावर येतो. ते बूच 24 मिमीचं, दाबून गळ्यात बसवलेलं, त्यामुळे ते सहज हलत नाही, पण हललं की वाइन त्याच्या कडेने झिरपते. नंतर बाटली गार झाली की वाइन आकसते, आत पोकळी होते आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. पुढचं काम त्या हवेतला प्राणवायू करतो.

हे झालं डोळ्यांना दिसणारं नुकसान. मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्याची. बूच जागचं हललेलं नाही, कॅप्सूल बोटाने छान फिरते, पातळी गळ्यात जिथे असायला हवी तिथेच आहे, आणि तरीही आतली वाइन बदललेली असू शकते. रासायनिक बदलांचा वेग दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशेब आहे. वाइनमध्ये तो सरसकट लागू पडत नाही आणि तीच तर अडचण आहे. एखादा बदल दुप्पट होतो, दुसरा त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे तापलेली वाइन लवकर मुरते असं म्हणणं चूक. ती वेगळ्याच वाटेने जाते. ताज्या फळांचा वास देणारे एस्टर तुटतात, रक्षण करणारा मोकळा सल्फर डायऑक्साइड कमी होतो, पांढरी वाइन तपकिरीकडे झुकते, कधी तिच्यातली प्रथिनं साकळून ती गढूळ होते. रीसलिंग या पांढऱ्या वाइनमध्ये टीडीएन नावाचं संयुग वाढतं आणि पेट्रोलसारखा वास पुढे येतो. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहतुकीत लागते तशी उष्णता मुद्दाम देऊन पाहिली होती. 40 अंशांत काही आठवडे राहिलेली वाइन वासात आणि चवीत वेगळी पडली, टीडीएनही वाढलेलं निघालं. तेव्हापासून "बूच ठीक आहे ना, मग झालं तर" असं कुणी म्हटलं की मी हा अभ्यास पुढे करते.

इथे कुणीतरी मदेराचं नाव काढतंच. पोर्तुगालच्या त्या बेटावरची वाइन पिंपांत भरून उष्ण कटिबंधातून जहाजाने फिरवायचे आणि ती त्या उन्हानेच नावाजली गेली. आता जहाजाऐवजी टाक्यांत 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने तापवण्याची रीत आहे. हे सगळं खरं. पण मदेरात वरून स्पिरिट घातलेलं असतं, ती तापवण्यासाठीच बनवलेली असते. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या नाजूक पिनो न्वार या लाल वाइनला तो न्याय लावता येत नाही.

आता ती केस सांगते, जिच्यामुळे आमच्या कामाची दिशा ठरली.

एका ग्राहकाने थेट वायनरीकडून माल घेतला होता. आम्ही तेव्हा नुसते सल्लागार, वाहतूक दुसऱ्यांची. रीफर मागवलेला, सेट पॉइंट (यंत्राला ठरवून दिलेलं तापमान) 13 अंश, सील शाबूत. दार उघडल्यावर दाराजवळच्या पेट्या पुठ्ठ्यासकट कोरड्या होत्या. मधल्या पॅलेटवरची एक पेटी मी उघडली. पहिल्याच बाटलीची कॅप्सूल टोकाला किंचित फुगलेली. नखाने ती सोलली तर बूच काचेच्या कडेवर नखाच्या जाडीइतकं आलेलं आणि त्याच्या अंगाने वाळलेल्या वाइनची जांभळी रेघ. त्याच पेटीतल्या शेजारच्या बाटल्या बाहेरून अगदी निर्दोष.

जहाज कंपनीने कंट्रोलरची नोंद दिली. सेट पॉइंट 13, सप्लाय एअर (यंत्रातून सुटणारी गार हवा) 13, प्रवासभर एक सरळ रेघ. "आमच्याकडून काहीच चूक नाही," हे त्यांचं म्हणणं कागदावर तंतोतंत खरं होतं. भावाने तो कागद हातात घेतला आणि सप्लाय एअरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने बोट ठेवलं रिटर्न एअरच्या रकान्यावर. रीफरमध्ये गार हवा खालच्या खाचांच्या फरशीतून सुटते, मालामधून वर चढते आणि वरून यंत्रात परतते. परतणारी हवा किती गरम आहे त्यावरून माल किती गरम आहे ते कळतं. इथे पहिल्या दिवशी परतणारी हवा 27 अंशांची होती आणि ती 13-14 वर यायला आठवड्याच्या घरात वेळ लागला होता. तो म्हणाला, "माल आत चढला तेव्हाच तापलेला होता. हा डबा गारवा टिकवतो, तापलेलं झटपट गार करणं हे त्याचं काम नाही."

मग आम्ही मागे मागे गेलो. वायनरीतून माल उचलला होता साध्या ताडपत्रीच्या ट्रकने, ऑगस्टमध्ये, शुक्रवारी दुपारी. माल एकत्र करणाऱ्या गोदामात शनिवार-रविवार तो पत्र्याखाली पडून होता. तिथे पारा किती चढला ते कुणी मोजलंच नव्हतं, आणि मोजलं नव्हतं म्हणून कुणाची जबाबदारीही ठरली नाही. खरेदी एक्स वर्क्स अटीवर होती, म्हणजे वायनरीच्या दारात माल ताब्यात दिला की पुढची जोखीम घेणाऱ्याची. विमा होता, पण उशिरामुळे झालेलं नुकसान आणि मालाच्या अंगच्या गुणामुळे झालेलं नुकसान, ही दोन्ही मालविम्याच्या सर्वांत व्यापक अशा ए क्लॉजमधूनही वगळलेली असतात. त्यांवर बोट ठेवलं गेलं. सगळा तोटा ग्राहकाने सोसला.

त्यानंतर आम्ही सल्ला देणं थांबवून स्वतः वाहतूक हातात घेतली. पहिली अट हीच ठेवली की वायनरीच्या दारात उभा राहणारा ट्रकसुद्धा गारच असेल. कंटेनर गार आणि ट्रक साधा, असली स्वस्त जोडणी आम्ही करत नाही, मागणी आली तरी नाही. माल चढवण्याआधी आमचा माणूस पॅलेटच्या मध्यातली बाटली बाहेर काढून तिचं तापमान मोजतो. 18 अंशांच्या वर निघाली तर माल आधी गोदामात गार करायचा, मगच चढवायचा. यावरून आमचे वायनऱ्यांशी खटकेही उडाले आहेत. ट्रक उभा राहिला की त्याचं भाडं चढतं आणि त्यांचे लोक वैतागतात, ते मी समजू शकते.

लॉगरच्या (तापमानाची नोंद ठेवणाऱ्या छोट्या यंत्राच्या) बाबतीत भावाची एक कल्पना फार उपयोगी ठरली. कंटेनरच्या भिंतीला लावलेला लॉगर हवेचं तापमान सांगतो. दार उघडलं की तो उसळी मारतो आणि बाटलीला काही झालेलं नसतानाही घबराट होते. उलट बाटली हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते, पुठ्ठ्याच्या पेटीत तर अजून सावकाश. म्हणून आम्ही पाणी आणि अल्कोहोलचं वाइनइतक्याच प्रमाणाचं मिश्रण भरलेली बाटली, आत सेन्सर सोडून, पेटीत इतर बाटल्यांच्या मधोमध ठेवतो. आमच्यात तिला "साक्षीदार" म्हणतात. हवा 35 ला टेकून आली तरी साक्षीदार तासाभरात फारशी हलत नाही. त्यामुळे मी ग्राहकांना ठामपणे सांगू शकते की गाडी अर्धा तास उन्हात थांबली म्हणून वाइन बिघडत नाही. बिघडते ती दोन-तीन दिवस 30 च्या वर राहिली तर. सरासरी विचारू नका, असंही मी सांगते. महिनाभर 13 आणि मध्ये तीन दिवस 36, याची सरासरी 15-16 येते आणि दिसायला ती फार सोज्वळ दिसते.

आमचा खर्च वाढला तो मुख्यतः हातबदलांच्या जागी. वायनरी ते ट्रक, ट्रक ते गोदाम, गोदाम ते बंदर, बंदर ते जहाज, मग मधल्या बंदरात एका जहाजातून दुसऱ्यात, आणि पलीकडे हेच उलटं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी प्लग काढतो आणि दुसऱ्या कुणीतरी तो लावायचा असतो. ट्रकवर जेनसेट (वीज देणारा जनरेटर) नसेल तर कंटेनर बंदच राहतो. दुबईच्या जेबेल अलीसारख्या बंदरात उन्हाळ्यात बाहेर 40 च्या वर असतं. तिथे प्लग कधी लागला हे मला वेळेवर कळलंच पाहिजे. म्हणून आम्ही प्रत्येक हातबदलाला वेळ, तापमान आणि घेणाऱ्याची सही मागतो. सही करायची म्हटली की माणूस प्लगकडे एकदा बघतो, हा आमचा अनुभव.

साधा कंटेनर आम्ही वाइनसाठी वापरतच नाही. डेकवर वरच्या थराला लागलेल्या लोखंडी डब्यात दिवसा पारा 50 पर्यंत जाऊ शकतो आणि रात्री उतरतो. बूच सैल करायला ही रोजची चढउतार पुरेशी आहे. चकचकीत चादरी गुंडाळून काम भागतं असं काही जण सांगतात. त्या चादरी उष्णतेला उशीर करतात, अडवत नाहीत. आठवड्याच्या प्रवासाला ठीक, महिन्याच्या नाही. 2023 च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून बरीचशी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली तेव्हा हा फरक सगळ्यांना कळला. युरोपातून आशियाकडे जाणाऱ्या मालाचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागलं. आमच्या रीफरमधल्या साक्षीदाराने त्या वळशाची दखलही घेतली नाही.

उन्हाळ्याचं काम मात्र आम्ही मुद्दाम कमी ठेवलं आहे. जून ते ऑगस्ट युरोपातून जुन्या आणि नाजूक वाइनचा माल आम्ही उचलत नाही. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आमचे भरीचे महिने. यापायी काही मोठी कामं दुसरीकडे गेली. गेली तर गेली. (हिवाळ्यातही डोळे मिटून चालत नाही. वाइन शून्याखाली 5-6 अंशांना गोठू लागते आणि गोठतानाही फुगते.)

कागदांची माझी जुनी सवय आता ग्राहकांच्या कामी येते. समुद्रमार्गे आलेल्या मालाचं वरून न दिसणारं नुकसान हेग-विस्बी नियमांप्रमाणे तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं आणि दावा एका वर्षात लावायचा. विमानाने आला असेल तर माँट्रियल करारानुसार नुकसान चौदा दिवसांत कळवायचं. उंची वाइन मात्र लोक महिनोन्महिने उघडत नाहीत, कधी वर्षानुवर्षं. बाटली उघडेपर्यंत दावा कधीच मेलेला असतो. म्हणून माल पोहोचला त्याच दिवशी साक्षीदाराचा आलेख आम्ही ग्राहकाच्या हातात देतो. आलेखात डोंगर दिसला तर डिलिव्हरीच्या पावतीवरच शेरा मारायला लावतो आणि त्या पॅलेटमधली एक बाटली तिथेच उघडून, आधीच गार जपलेल्या त्याच लॉटच्या बाटलीशी ताडून पाहतो. त्या तुलनेसाठी वायनरीकडून लॉटमागे दोन बाटल्या वेगळ्या मागून घेतो.

सध्या जुन्या संग्रहांचं काम वाढतंय. लोक लिलावात वीस-तीस वर्षांपूर्वीच्या बाटल्या घेतात आणि आमच्याकडून "उष्णतेपासून सुरक्षित" असं प्रमाणपत्र मागतात. ते आम्ही देत नाही. माल आमच्या ताब्यात आल्यापासूनचा आलेख देतो, त्यापूर्वीचं पातळी, बूच आणि रंग यांवरून जेवढं दिसतं तेवढंच लिहितो. वायनरीतच, बाटली भरली त्या दिवशी, पेटीत लॉगर बसवायचा आणि तो मालकापासून मालकाकडे बाटल्यांबरोबर जाऊ द्यायचा, असा प्रयोग दोन लहान उत्पादकांबरोबर सुरू केला आहे. लॉगरची बॅटरी इतकी वर्षं टिकत नाही, ही अडचण भावाच्या टेबलावर आहे. पेटी न उघडता बाहेरून बॅटरी बदलता येईल असा खण तो पुठ्ठ्यातच करून पाहतोय.