स्नेक प्लांट पावसाळ्यात का कुजतं?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. गोव्यातल्या घरांतून हा प्रश्न वारंवार येतो: "स्नेक प्लांट कधी मरत नाही म्हणतात, नर्सरीतही तेच सांगितलं. मग मिरग लागला की आमच्याकडे त्याची पानं बुडाशी मऊ का पडतात? पाणी तर आठवड्याला एकदाच घालतो."

आठवड्याला एकदा हे पाणी या झाडाला जानेवारीतही जास्त होतं. जुलैत ते त्याचा जीव घेतं.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या उष्ण पट्ट्यातलं. जाड पानांत आणि मातीखालच्या आडव्या कंदात ते पाणी साठवून ठेवतं. दिवसा ते पानांवरची रंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, त्यामुळे पानांतून फार कमी पाणी उडतं. आता गोव्याचा जुलै आठवा. हवा दमट, ऊन नाही, कपडे तीन दिवस वाळत नाहीत. अशा हवेत झाड पाणी ओढत नाही आणि कुंडीतली मातीही सुकत नाही. एकदा घातलेलं पाणी कुंडीच्या गाभ्यात दोन-तीन आठवडे तसंच राहतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, मरतात, आणि मग मेलेल्या मुळांवर बुरशी व जिवाणू बसून कूज कंदात चढते. पान मऊ पडलेलं तुम्हाला दिसतं तेव्हा खाली हे काम बरेच दिवस चाललेलं असतं.

म्हणून वार ठरवून पाणी घालणं सोडा. माडाच्या झावळीचा एक हीर घ्या, कुंडीच्या कडेनं थेट तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. त्याला ओली माती चिकटली किंवा तो हाताला गार लागला तर पाणी नको. वरची माती बोटानं चाचपून काहीच कळत नाही, कारण वरचा इंचभर थर सुकतो आणि तळ ओलाच असतो. आठ इंची मातीच्या कुंडीसाठी साधारण अंदाज असा: मार्च ते मे दर आठ-दहा दिवसांनी, पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बारा ते पंधरा दिवसांनी, डिसेंबर ते फेब्रुवारी पंधरा ते वीस दिवसांनी. जून ते सप्टेंबर घरातल्या झाडाला महिन्यातून एकदा पाव लिटर, तेही हीर कोरडा निघाला तरच. कित्येक घरांत तेवढंही लागत नाही. मात्र कोरड्या महिन्यांत घालाल तेव्हा घोटघोट घालू नका. अर्धा-पाऊण लिटर हळूहळू, खालून गळेपर्यंत घाला आणि पंधरा मिनिटांनी ताटलीतलं पाणी ओतून टाका. पाणी मातीवर पडू दे, पानांच्या मध्ये नको. बुटक्या, फुलासारख्या पसरणाऱ्या जातींच्या मधल्या खळग्यात पाणी साचलं की त्या वरूनच कुजायला लागतात.

पाण्याइतकाच दोष कुंडीतल्या मातीचा असतो, आणि त्याकडे लोक सहसा बघत नाहीत. नर्सरीतून झाड येतं ते बहुतेकदा नुसत्या कोकोपीटमध्ये किंवा घट्ट लाल मातीत. कोकोपीट स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. आपली चिऱ्याची लाल माती डोंगरावर पाणी झिरपू देते, पण चाळून कुंडीत भरली की चार पाण्यांत दाबून बसते. मिश्रण असं करा: चार भाग खडे, तीन भाग लाल माती, दोन भाग नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे, एक भाग गांडूळखत. खडे म्हणजे फुटक्या कौलांचे किंवा विटांचे, हरभऱ्याएवढे. चुरा चाळून टाकून द्या, नाहीतर तोच पोकळ्या बुजवतो. नदीची जाड रेती चालते. समुद्राची वाळू मात्र कधीही नको, कितीही धुतली तरी मिठाची जोखीम उरते. सोडणाचे तुकडे दोनदा पाणी बदलून रात्रभर भिजवा, त्यांतही क्षार असतात.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा होतो हा समज फार पसरला आहे. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. खडे सगळ्या मातीत मिसळायचे. भोकावर कौलाचा एक बाकदार तुकडा पुरे. कुंडी मातीची, मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच मोठी. शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत आतली कुंडी ठेवली असेल तर पावसाळ्यात ती बाहेर काढा.

आता सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट. पानावर उभ्या सुरकुत्या पडल्या की लोक झाड तहानलं असं समजून पाणी घालतात. मुळं कुजली तरी अगदी तशाच सुरकुत्या पडतात, कारण पाणी वर चढवायला मुळंच उरलेली नसतात. फरक बुडाशी कळतो. तहानलेलं पान बुडाशी टणक असतं आणि ओढलं तरी हलत नाही. याच गोतातल्या देशी जातीच्या वाखाची धनुष्याला दोरी करत. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात ते मूर्वा या वनस्पतीवरून, आणि मूर्वा म्हणजे हीच असं बरेच जण मानतात. इतकं चिवट पान हलक्या हातानं ओढताच सुटून आलं, त्याला आंबूस घाण वास आला, तर ती कूज आहे.

तसं झालं तर थांबू नका. झाड उपटून मुळं नळाखाली धुवा. सुरी स्पिरिटनं पुसून कुजलेला कंद कापत जा, आतला भाग स्वच्छ आणि टणक दिसेपर्यंत, आणि दर कापाला सुरी पुन्हा पुसा. कापलेल्या जागी कोळशाची पूड लावा. झाड सावलीत पंख्याखाली कोरडं ठेवा. एरवी तीन दिवस पुरतात, पावसाळ्यात सहा-सात लागतात. जखमेवर कोरडी खपली धरली की नव्या, जेमतेम दमट मिश्रणात लावा आणि दहा दिवस पाणी देऊ नका. बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती मातीत वर्षानुवर्षं टिकणारी बुरशी असते. ती माती परसात ओतू नका, पिशवीत बांधून टाकून द्या.

उजेडाचं थोडक्यात. अंधाऱ्या खोलीत हे झाड जगतं, पण वाढत नाही आणि पाणीही वापरत नाही, म्हणजे तिथं कुजण्याची भीती दुप्पट. खिडकीपासून मीटर-दीड मीटरवर किंवा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीकडे ठेवा. एप्रिलमध्ये आतून उचलून थेट पश्चिमेच्या उन्हात नेलंत तर पानावर पांढरट भाजल्याचे डाग पडतील आणि ते जाणार नाहीत. थंडीची काळजी गोव्यात करायची गरज नाही. त्याला 10 अंशांखाली त्रास होतो आणि पणजीत हिवाळी रात्रीही पारा सहसा 18-19च्या खाली उतरत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटचा बोळा फिरवा, आठवड्यानं पुन्हा. खत ऑक्टोबर ते मे, दीड-दोन महिन्यांनी एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, बस. पावसाळ्यात अजिबात नको. घरात मांजर-कुत्रा असेल तर झाड उंचावर ठेवा, पानातल्या सॅपोनिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे त्यांना उलट्या होतात. हवा शुद्ध करण्यासाठी मात्र ते घेऊ नका. झाडं हवा शुद्ध करतात असं ज्याच्या आधारे सांगतात तो 1989 चा नासाचा गाजलेला प्रयोग बंद पेटीत झाला होता. उघड्या दारं-खिडक्यांच्या घरात दोन-चार कुंड्यांनी जाणवेल असा फरक पडत नाही.

एक काम मात्र पुढच्या एप्रिलमध्ये जरूर करा. झाडाला बाजूला फुटलेलं, निदान वीतभर उंचीचं पिल्लू कंदासकट कापून काढा, तीन दिवस सुकवा आणि चार इंची कुंडीत लावून वेगळ्या खोलीत ठेवा. पानाचे तुकडे लावूनही रोप होतं, पण फुटायला दोन-तीन महिने लागतात, आणि पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर नव्या रोपाला तो काठ येत नाही, ते साधं हिरवं निघतं. पिवळा काठ हवा असेल तर पिल्लूच वेगळं करायला हवं. मे संपेपर्यंत त्याची मुळं धरतात. मग पावसाळ्यात मोठ्या कुंडीला काही झालंच, तरी चवथीला घर झाडायला घ्याल तेव्हा तेच झाड दुसऱ्या खोलीत उभं असेल.